हिरडीवरचं बोट

छबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती जामखेडजवळच्या खडीवर, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. बाई संगमनेरची, विड्या वळणारी. लेक रतन इकडं दिलेली, दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पाच महिन्यांची नात बघायला म्हणून छबूबाई एष्ट्या बदलत आली, आणि बघितलं काय? लिंबाखाली नऊ लेकरं ओळीनं निजलेली. भर दुपारी, हातोड्यांच्या त्या कडकडाटात! एकाचंही तोंड वाजत नव्हतं.

"लई गुणाची पोरं हायेत," मुकादम गहिनीनाथ कौतुकानं म्हणाला.

म्हणे गुणाची! छबूबाईनं नातीचं तोंड उघडलं. हिरड्या काळ्याकुट्ट. तंबाखू तव्यावर भाजून केलेली मिश्री, बायका दातांना लावतात ती. आणि या जिवाला अजून दात म्हणून एक आला नव्हता!

हे काळं बोट छबूबाई चांगलं ओळखून होती. तिचा थोरला सहादू सासूच्या मांडीवर वाढला. रतनच्या वेळी सासू नव्हती, पोर विडीच्या सुपाशेजारी निजायची. किरकिरली की छबूबाई मिश्रीचं बोट हिरडीवर फिरवायची. दात सुखानं येतात, असं शेजारणी छातीठोकपणे सांगायच्या. पोर गप, काम सुरू. सहादू आज बावीस वर्षांचा बाप्या, पण सुपारीच्या खांडाला शिवत नाही. रतन सातव्या वर्षी आईची मिश्रीची डबी चोरत होती. तिला मारलं, उपाशी ठेवलं, देवाच्या शपथा घातल्या. पोरगीच वाईट चालीची, असं छबूबाई गावभर सांगत सुटली. पोरीला ही चटक आपणच पाळण्यात लावली, हे कळायला बाईला पंधरा वर्षं लागली. तोवर रतन डबी कमरेला खोचून सासरी गेलीसुद्धा.

"रतने, हे इख पोरीच्या तोंडात घालतीस? लाज न्हाई वाटत?"

"मंग काय करू, आये? पाजाया उठलं की ह्यो मुकादम हजेरी कापतो. समद्याच लावत्यात."

छबूबाई मुकादमाकडं वळली. "व्हय रं, तुज्या लेकराला लावतोस का?"

"मी सांगतो का लावा म्हनून, मावशी?"

"सांगत न्हाईस, पर उठू बी देत न्हाईस! मुडद्या, रडनारं लेकरू तुला खपत न्हाई!" तिनं रतनच्या हातातला हातोडा हिसकला. "हिच्या जागी मी बसते. ही पोर पाजंल. काप आता हजेरी, बघते."

गहिनीनाथ तोंडातल्या तोंडात पुटपुटत निघून गेला. रतन मात्र फणकारली. "लई शानी! तुज्या कमरंला काय हाय गं?"

हे झोंबलं. छबूबाईनं कमरेची डबी काढली आणि लेकीच्या ओटीत फेकली. "घे. आजपास्नं बंद."

पहिला तास रागातच गेला. मग जांभया सुरू झाल्या, डोकं ठणकायला लागलं. दगड दिसेना, हातोडा बोटावर बसला. एरवी दुपारपर्यंतच पाच वेळा मिश्री लावणारी बाई ती.

"रतने, चिमूटभर दे."

"आत्ताच बंद म्हनालीस की."

"दे म्हंते ना!"

सगळे हातोडे थांबले. छबूबाई लई मानी बाई. नवरा गेला तेव्हा भावापुढंसुद्धा तिनं हात पसरला नव्हता. आता आठ परक्या बायांदेखत, पोटच्या लेकीपुढं हात पसरून उभी होती. कुणाला हसू आलं नाही. रतननं मुकाट्यानं डबी दिली.

छबूबाईनं मिश्री हिरडीवर दाबली. डोळ्यांत पाणी आलं, ते संतापाचं. "बघ. नीट बघून घे. माज्या आयनं मला लावली तवा मी हिच्यायेवढीच हुते."

रतननं घागरीतल्या पाण्यात पदराचं टोक भिजवलं आणि निजलेल्या पोरीच्या हिरड्या पुसायला लागली. पुन्हा पदर भिजवला, पुन्हा पुसलं. पोर जागी झाली आणि तिनं जो टाहो फोडला तो पार रस्त्यापर्यंत गेला.

"कुनाचं पोर हाय रं त्ये?" गहिनीनाथ लांबून ओरडला.

"माजं हाय," रतन म्हणाली. "रडू द्या."