ताम्हनात राहिलेले देव

माझी पूजा संपत नव्हती. ऐकणाऱ्याला वाटेल, केवढी ही भक्ती. शेजारच्या बायका तर माझं उदाहरण देऊन आपल्या सुनांना टोमणे मारायच्या. खरं काय ते मला आणि माझ्या देवांनाच ठाऊक होतं. बाळकृष्णाला अंघोळ घालून, पुसून जागेवर ठेवलं की मनात यायचं, आपलं लक्ष दुसरीकडे तर नव्हतं? गंध नीट लागलं का? मग सगळे देव पुन्हा ताम्हनात, पुन्हा पाणी, पुन्हा पुसणं. ऐन थंडीत त्या लेकराला पडसं कसं झालं नाही, कोण जाणे. घराबाहेर पडले तरी तीच गत. डांगे चौकात भाजीला निघायचं आणि अर्ध्या रस्त्यातून गॅस बघायला, कुलूप ओढून बघायला माघारी यायचं.

हे सुरू झालं ते लेकीचं पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हापासून. त्या दिवशी नात्यातल्या एका लग्नाला जायच्या घाईत मी देवांना नुसते हात जोडून निघाले होते. डॉक्टर म्हणाले, यात कुणाचाच दोष नसतो. मी मान हलवली आणि तो दोष गुपचूप पदरात बांधून घेतला. पूजेत पुन्हा चूक झाली तर लेकीचं काही वाईट होईल, या भीतीने मी सकाळची बसलेली दुपारी उठायची.

तिला पुन्हा दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. मी डिंक, खारीक, अळीव आणून ठेवले, जुन्या साड्यांची दुपटी शिवली. आणि चऱ्होलीहून, सासरहून लेकीचा फोन आला. आई, मी इथेच थांबते, म्हणाली. रागावून म्हणाली असती तर मी चार शब्द ऐकवले असते. पण ती अगदी हळू बोलत होती. "मला कळा सुरू झाल्या आणि तू पूजेला बसलेली असलीस, तर तू उठशील का गं?" उठेन, असं मला छातीठोकपणे सांगता आलं नाही. ज्या लेकीसाठी एवढा आटापिटा चालला होता, तीच माझ्याकडे यायला घाबरत होती.

आमच्या ह्यांनी आपल्या परीने उपाय केला. ते तळवड्याला एका छोट्या कारखान्यात आहेत, नटबोल्ट आवळून झाले की तपासायचं काम. तपासलेल्या नटावर तिथे पिवळ्या रंगाच्या पेनाने खूण करतात, म्हणजे दुसरा कुणी तो पुन्हा आवळत नाही. जास्त आवळला तर आटे जातात. एक दिवस ते तसलं पेन घेऊन आले आणि पूजा झाल्यावर ताम्हनाच्या काठाला ठिपका देऊन म्हणाले, "झाली. पास. आता किती वेळ करायलीस?" मला इतकं बरं वाटलं की मी गॅसच्या बटणावर, कुलपावर, नळावरही ठिपके मागून घेतले. पण तो रंग काही पुसला जात नाही. दुसऱ्या दिवसापासून, हा ठिपका आजचा की कालचा, हे विचारायला मी त्यांना कारखान्यात फोन करू लागले. आजारापेक्षा औषध भारी, म्हणतात ते असं. माणूस मात्र सोन्यासारखा, एकदाही वैतागला नाही.

मग मला वाटलं, कुलूपच भक्कम घ्यावं. चौकाजवळ किल्ल्या बनवणारे एक चाचा बसतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी जुनं कुलूप हातात घेतलं, उघडलं, लावलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, घरी जाऊन किती वेळा ओढून बघता? मी रागावले, दुकानदाराने दुकानदारासारखं बोलावं म्हटलं. ते मुळीच चिडले नाहीत.

"ताई, ताला एकदम बरोबर आहे. आमच्या घरात पण हेच होतं. नमाजच्या आधी हातपाय धुवायचे ना, बीबी धूतच बसायची. चमडी फाटली, पण तिला वाटायचं, अजून पाक झालं नाही."

मी तिथल्या स्टुलावर बसलेच. आपल्यासारखंच दुसऱ्या कुणाच्या नळाखाली चाललं असेल, हे माझ्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. तिचं काय झालं, मी विचारलं. जवळच्याच दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात, समजावणारी एक मुलगी आहे, आता बीबी बरी आहे, असं त्यांनी सांगितलं आणि कुलूप मला परत दिलं.

वेड्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून मी तोंडावर पदर घेऊन गेले. समजावणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची निघाली. तिला मी सगळं सांगितलं, त्या लग्नाच्या दिवसाचंही, जे ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. ती पिवळ्या ठिपक्यांना तेवढी हसली, मग मीही हसले. हा एक आजार आहे, बऱ्याच जणांना होतो, म्हणाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तिने सराव दिला. पूजा एकदाच करायची. शंका आली तर येऊ द्यायची, हात मांडीवर ठेवून बसायचं, पण देव पुन्हा ताम्हनात घ्यायचे नाहीत. ठिपके बंद, फोनही बंद. आणि एकदा तिने विचारलं, "काकू, तुमचा देव फार कडक साहेब दिसतो. लहानपणीही असाच होता का?" मला बीडकडचं आमचं घर आठवलं. आई भाकरीच्या पिठाच्या हातांनीच देवावर फूल ठेवायची आणि त्याच्याशी घरातल्या माणसासारखं बोलायची. मी त्या खुर्चीत पोटभर रडले.

सराव सोपा नव्हता. शंका आली की हात आपोआप ताम्हनाकडे जायचे, ते ओढून मांडीवर आणावे लागायचे. कधी जमलं, कधी अख्खा आठवडा पाण्यात गेला. पण बाळंतपण जवळ आलं तेव्हा लेक बॅग घेऊन दारात उभी होती. बघते तरी तू काय दिवे लावलेस ते, म्हणाली आणि गळ्यात पडली.

आणि तिने विचारलं होतं तेच घडलं. सकाळी हे कामावर गेलेले, मी पूजेला बसलेली, सगळे देव ताम्हनात, आणि आतून तिची हाक आली, "आई, चल आता." माझे हात थांबले. अर्धी पूजा, पुन्हा तशीच घाई, पुन्हा हीच लेक. तीच भीती उरावर येऊन बसली. मी बाळकृष्णाकडे पाहिलं आणि म्हटलं, "तुझं तू बघ बाबा, मी माझ्या लेकीचं बघते." आणि उठले.

नात झाली. दोघीही सुखरूप. नातीला हातात घेतलं तेव्हा माझ्या हाताला अजून चंदनाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी हे आणि मी घरी आलो तेव्हा कुलूप कडीला नुसतंच अडकवलेलं होतं, लावलंच नव्हतं. घरातलं काही हललेलं नव्हतं. हे माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले.

लोक देवाचे अनुभव सांगतात, त्यात वाट दाखवणारा माणूस नंतर कधी सापडत नाही. माझे चाचा अजून तिथेच बसतात. पेढे घेऊन गेले तर म्हणाले, ताई, ताला कसा आहे? त्यांना, त्या मुलीला आणि तिच्या डॉक्टरांना कुणी पाठवलं, याचा मी वाद घालत नाही. मला मिळायचं ते मिळालं.

दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी ताम्हनातलं पाणी आटत आलं होतं आणि देव होते तसेच होते, बाळकृष्ण जरा कलंडलेला. वाटलं, पहिल्यापासून करावी. मग मी त्याला उचललं, पदराने पुसलं, जागेवर ठेवलं, आणि पूजा जिथे सोडली होती तिथून पुढे केली.