बनुबाईनं चावडी रिकामी केली

आमच्या गावात १९७४ साली टेलिफोन आला आणि गावाचं डोकंच फिरलं. चावडीच्या सोप्यात, सगळ्यांना दिसेल असा तो मांडला. फोन कुणाचाही येवो, कट्ट्यावरची मंडळी भोवती कोंडाळं करायची आणि 'आमचाबी रामराम सांगा' म्हणून ओरडायची. फोन गावाचा, म्हणजे तो गावानं ऐकायचा, असा सरळ हिशेब.

बनुबाईचा नवरा नाथाजी पलटणीत होता. नोकरी वाढवून घ्यायची की घरी परतायचं, हे त्यानं अंबाल्याहून फोन करून बायकोलाच विचारलं. आता सांगा, सासरा आकाराम शेजारी आणि निम्मं गाव कान टवकारून उभं असताना कोणती सून नवऱ्याला 'या' म्हणेल? बनुबाई पदर ओढून 'बरं हाय' एवढंच पुटपुटली. तिला लिहिता येत नव्हतं. पत्रं सासरा लिहायचा, आणि त्याला तर पोराचा पगार चालूच राहायला हवा होता. रविवारी पुन्हा फोन करतो, तवा सांग, असं म्हणून नाथाजीनं फोन ठेवला.

बाई घरी जाऊन रडली. मग चिडली, आणि थेट ग्रामसभेत उभी राहिली.

"आवं सरपंच, कुणी फोनवर बोलत असंल तवा चावडीत दुसरं कुणी थांबायचं न्हाई."

"फोन गावाचा हाय," सरपंच गुंडा पाटील गुरकावले.

"नदीचा घाट बी गावाचाच हाय. बाया न्हात्यात तवा तुमी तितं जाऊन बसता व्हय?"

तेवढ्यात मागून सरपंचांची आई दगडाबाईच कडाडली, "खरं बोलतीया पोर! कर ठराव." ठराव झाला. फोनवर काय बोलणं झालं हे नंतर विचारायचंही नाही, हे कलम म्हातारीनं वरून घालायला लावलं.

रविवारी घंटी वाजली. लाइन इतकी वाईट की बोंबलूनच बोलावं लागे, म्हणून अख्खा कट्टा उठून ओढ्यापलीकडं गेला. पुढं सरपंच, मागं धोतर सावरत आकाराम. जन्मात कुणासाठी न हललेली ही माणसं एका सुनेसाठी हलली! मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. नंतर आकारामाच्या ओठांवर प्रश्न कितीदा आला असेल, पण दगडाबाई डोळे वटारून बसलेली.

दिवाळीत नाथाजी ट्रंक-वळकटी घेऊन एसटीतून उतरला, तो कायमचाच. कट्ट्यावरून कुणीतरी विचारलं, "का रं, नोकरी सोडलीस?"

तो तोंड उघडायच्या आत बनुबाई सगळ्या गावादेखत म्हणाली, "मी बोलिवलं, म्हणून आल्यात."