भंगारावर जळणारा शिंपी

आमचा दादा शिंपी. मी त्याच्याच दुकानात काज-बटणं करते, म्हणून सांगते: माणूस सरळ, पण अस्सल जळकुकडा. आणि जळायचा कुणावर, तर भंगारावर.

दादासोबत जो राहतो त्याला गल्लीत सगळे कलाकार म्हणतात. गिऱ्हाइकांनी विचारलं की दादा सांगायचा, भाडेकरू आहे. मी मान खाली घालून काज करत बसायचे. मला काय कळत नव्हतं का?

हा कलाकार रस्त्यावर पडलेल्या वस्तू उचलून आणायचा. एकच चप्पल, दांडी तुटलेला चष्मा, कुणाचा तरी कंगवा. त्या मांडून प्रयोग करायचा. एकेक वस्तू हातात घ्यायची आणि तिचा मालक आपला प्रियकर होता असं समजून बोलायचं. नियम असा की वस्तू हरवलेलीच हवी, कुणी दिलेली चालत नाही. प्रेक्षकांत मालक निघालाच, तर त्याने उठून सांगायचं आणि घेऊन जायची.

"त्या कंगव्याशी इतकं गोड बोलतो," दादा धुसफुसायचा, "आणि घरी आला की मिठाची गुळणी धरतो."

शेवटी दादाने डोकं लढवलं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं आपलं पितळी अंगुस्तान कलाकाराच्या वाटेवर टाकून आला. त्याने ते उचललं, पण घरी अवाक्षर काढलं नाही. दादाचा आणखीच जळफळाट.

प्रयोगाला आम्ही दोघं गेलो. रिकामं गोदाम, खुर्च्यांवर अर्धी गल्ली. कलाकाराने अंगुस्तान ओठांना लावलं. "त्याच्या बोटांवर सुईचे वण होते," तो म्हणाला. "तो झोपला की मी ती बोटं हातात घेऊन बसायचो."

दादा लालबुंद. "कोण हा?" माझ्या कानाशी पुटपुटला. स्वतःवरच जळत होता शहाणा.

इतक्यात पुढच्या रांगेतला एक देखणा तरुण उठला. "माझं आहे ते." साफ खोटं. नियमच तसा, म्हणून कलाकार त्याच्याकडे निघाला.

दादाने माझं मनगट आवळलं. आजूबाजूला सगळी आमचीच गिऱ्हाइकं.

"जा की," मी म्हटलं.

तो उठला. "अंगुस्तान माझं आहे. आणि हा माणूसही माझाच आहे."

कलाकाराने मागे वळून येऊन दादाच्या बोटात अंगुस्तान घातलं. दादाची नजर मात्र त्या तरुणावरून हटेना.

"तुम्ही बसा आता खाली," दादा त्याला म्हणाला.