मायचा पहिला घोट

धाकट्याचा लातूरहून फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "आक्का, माय गेली," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मला रडू आलंच नाही. आधी भीती वाटली. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि जत्रेत हात सुटलेल्या पोरीसारखी भ्यायले. महिना होत आला, अजून ती भीती जात नाही...

तशी ती जुनीच आहे. आमचं गाव अहमदपूरजवळ. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, तिकडे कचेऱ्यांची बांधकामं निघाली, म्हणून बा तिकडे कामावर. गावात दुष्काळ. टँकर आला तर आला. घरातला रांजण पुरेना, म्हणून चुलते, तात्या, मोंढ्याच्या बाजारातून पत्र्याचं एक जुनं पिंप घेऊन आले. "वैनी, गोडेतेलाचं हाय. डोळे झाकून भरा." मायनं ते राखेनं घासलं, टँकर आल्यावर भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रांजण कोरडा पडला. तिनं पिंपाचं झाकण काढलं आणि जागीच थबकली. वास येत होता, आणि तो तेलाचा नव्हता. पिकावर फवारायचं औषध असल्याच पिंपांतून येतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच दिवशी शाळा उघडणार होती. धाकटा पाणी पाणी करून राहिला होता. शेजारी मागावं तर त्यांच्या पिंपाला कुलूप. तात्यांकडं मागावं तर संशय दिसायचा, घर फुटायचं. मायनं आम्हाला मागं सारलं, तांब्या बुडवला आणि उभ्यानं पिऊन टाकला. मग मला हळूच म्हणाली, "मला काई झालं तर ह्याला ह्यातलं देऊ नको. चुलतीकडं घेऊन जा." आणि फणी घेऊन माझ्या वेण्या घालायला बसली.

तशा वेण्या पुन्हा कुणी घातल्या नाहीत, आणि कुणाला घालाव्या लागूही नयेत. मी पाठमोरी, तिचं तोंड दिसेना, नुसती बोटं कळत होती. घातलेली वेणी तिनं सोडली, परत घातली. ती वेळ काढतेय हे मला समजत होतं. मधेच हात थांबला... मागं वळून बघायची हिंमत होईना.

"माय?"

"हाय गं. केस गुतलेत."

शाळेची घंटा झाली तेव्हा तिनं आम्हाला पाणी दिलं.

त्या पिंपात आधी काय होतं, हे कधीच कळलं नाही. तात्यांना तिनं विचारलं नाही, आम्हालाही बोलू दिलं नाही. पण तेव्हापासून पाणी नळाचं असो की जारचं, आधी ती घोटभर प्यायची, जरा थांबायची, मग आमच्या हातात द्यायची. माझ्या लग्नात व्याह्यांना पाणी द्यायच्या आधी पदराआड घोट घेतला बाईनं! मी लाजून मेले. "तुला काय पाण्याची डॉक्टरकी येते का?" असं आम्ही चिडवायचो. ती हसायची, पण थांबायचीच.

परवा नातीची शाळा सुरू झाली. तिची बाटली भरली, ओंजळीत जरासं ओतून प्यायले आणि उभी राहिले.

"आज्जी, रिक्षा आली. दे ना."

बाटली सोडवेना. जन्मभर मी मायच्या मागून प्यायले. आता माझ्या आधी पिणारं कुणी उरलं नाही.