डाव्या हातावर नजर

त्या डॉक्टरांचं नाव मला आजही माहीत नाही. जुलाब-उलट्यांनी आई सुकून गेली होती. हाताच्या शिरा सापडेनात, म्हणून गुलबर्ग्याच्या दवाखान्यात त्यांना बोलावलं होतं. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून सलाईन चढवलं नाही तर आई हाती लागणार नव्हती.

त्यांनी आधी पलंगाच्या पायथ्याखाली विटा घातल्या. मी नुकताच बी.ए. झालेलो; न राहवून कारण विचारलं.

"डोकं खाली असलं की शीर फुगती, आन् आत वारं शिरत न्हाई."

नर्स आईच्या गळ्यातलं इष्टलिंग काढायला गेली. आम्हा लिंगायतांत ते जन्मभर अंगावेगळं करत नाहीत.

"जीव गेला तर जाऊ दे, काढायची न्हाई," आई पुटपुटली.

डॉक्टर थांबले. "काढू नका अक्का. दोरा मनगटाला गुंडाळा, पूजेला घेता तसं डाव्या तळहातावर घ्या, आन् त्येच्याकडंच बघत ऱ्हावा."

आईची मान आपोआप डावीकडं वळली आणि उजवी बाजू मोकळी झाली. मानेतल्या नाडीवर बोटं टेकवून, तिला चुकवून, त्यांनी शेजारच्या शिरेत सुई घातली आणि मग नळी. आई जराही हलली नाही.

शेवटी त्यांनी बाटली पलंगाच्या खाली धरली, तर नळीत काळपट रक्त उलटं आलं. मी दचकलो.

"घाबरायलास कामून? नळी शिरेतच हाय, येवढंच बघितलं." बाटली वर टांगून ते हात धुवायला गेले.

आईनं मला हळूच हाक मारली. "पूजा झाली रे. आता टोचा म्हणावं त्येन्ला."