बिनराज्याचा पाणकर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. सांगायला बसलो की जीभ आपोआप दुसरीकडं वळते – धानाच्या भावावर, पोरांच्या शाळेवर, कशावरही. आज नाही वळू देणार. तुम्ही फक्त एक करा, मध्येच ‘जाऊ द्या हो, पोरवय होतं’ असं म्हणू नका. ते मी स्वतःला इतक्यांदा म्हणून घेतलंय की आता माझाच मला वीट येतो.

गोष्ट एका खेळातली आहे. हसा खुशाल! मीही हसलो असतो – पण परवा आमच्या नागपूरच्या ऑफिसात संगणक आला. तो बसवायला आलेला इंजिनियर जेवणाच्या सुट्टीत त्यावर खेळत बसला होता. पडद्यावर नकाशा, त्यात राजे, फौजा, तह, खजिना. एक लहानसं राज्य घ्यायचं आणि वाढवत वाढवत त्याचं साम्राज्य करायचं. मी म्हणालो, “हा तर आम्ही गावी, सानगडीत, धोतरावर खेळायचो.” त्याला गंमत वाटली. मग मी सहज विचारलं, “यात पंच कोण असतो?” तो म्हणाला, “पंच कशाला साहेब? सगळ्यांचे डाव मशीनच्या पोटात. ती कोणाला सांगत नाही.”

मी डबा तसाच झाकून ठेवला. भूकच गेली.

तर धोतर. यशवंतच्या बापाचं, जुनं, विरलेलं. मॅट्रिकची परीक्षा देऊन आम्ही मोकळे झालो होतो, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा उन्हाळा. यशवंतच्या घरच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, आम्ही दोघांनी – लक्षात घ्या, आम्ही दोघांनी, मी आणि यशवंतनं – त्या धोतरावर सारा मुलूख काढला. निळीनं वैनगंगा आणि चुलबंद. वर देवगड, खाली चांदा, इकडं नागपूर, तिकडं रतनपूर. राज्यं इतिहासाच्या पुस्तकातली, पण त्यांत तलाव पेरले ते आमच्या झाडीपट्टीतले. आम्हाला राज्य म्हणजे दुसरं काय कळत होतं? ज्याच्या हाती तलाव, त्याच्या खालच्या सगळ्या बांध्या, सगळी धानाची खाचरं त्याची. फौज कितीही मोठी असो, तलाव गेला की ती उपाशी. चिंचोके म्हणजे पायदळ, मोहाच्या बिया म्हणजे हत्ती. प्रत्येकानं आपला डाव गुपचूप ठरवायचा आणि बाजाराच्या दिवशी सगळ्यांचे डाव एकदम उघडायचे. काय रंगायचं हो ते! जेवायला हाका मारून यशवंतची माय थकायची.

खेळणारे चौघे. यशवंत, मी, राइस मिलच्या मॅनेजरचा मधुकर, आणि प्रकाश. प्रकाश बौद्ध मोहल्ल्यातला. त्याचा बाप शेतमजुरी करायचा आणि पोरगा वर्गात पहिला यायचा. यशवंतच्या घरी त्याचा कप वेगळा असायचा, वळचणीला खोचून ठेवलेला. एक दिवस यशवंतनं तोच कप ओढून घेतला आणि मायसमोर त्यातून चहा प्याला. माय दिवसभर भांडी आदळत होती. यशवंत असा होता. मनात आलं की करायचा. मला त्याचा तेव्हा अभिमान वाटला – आणि पोटात कुठंतरी दुखलंही. माझ्यासाठी त्यानं कधी कोणाशी भांडण घेतलं होतं? घ्यायची वेळच आली नव्हती म्हणा. पण दुखलं.

मग दगा झाला. मी तेव्हा त्याला दगाच म्हणालो, आजही दुसरा शब्द सापडत नाही.

यशवंतच्या मावशीचं नागपुरात घर होतं, मागं एक खोली. सातवीत असल्यापासून आमचं ठरलेलं – मॅट्रिक झालं की मी आणि तो त्या खोलीत राहून कॉलेज करायचं. आणि एक दिवस मधुकर बाजारात भज्याचा पुडा हातात घेऊन सहज म्हणतो, “यशवंत अन् प्रकाश नागपूरले जाऊन राहिले ना बे? मावशीच्या घरी?” मला काही माहीत नाही! यशवंतनं त्यासाठी घरी उपास धरला होता, मायला कबूल करवलं होतं – आणि मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “अबे गजा, तुले कुठंबी खोली भेटते. त्याले कोण देईल सांग बरं?”

खरं होतं ते. खरं होतं म्हणूनच जास्त लागलं. खोट्यावर माणूस भांडू तरी शकतो.

वर आणखी एक केलं त्यांनी. खेळात भांडणं वाढली होती, कोण कधी काय म्हणाला यावर. तेव्हा यशवंतनंच काढलं की आपल्याला एक पाणकर पाहिजे. आमच्या गावात तलावाचं पाणी वाटणारा पाणकर असे. त्याचं स्वतःचं शेत त्या तलावाखाली नसायचं – नसलंच पाहिजे, हीच अट. ज्याला स्वतःची बांधी भरायची नाही तोच दुसऱ्यांच्या नीट भरणार. त्याचा शब्द कोणी मोडत नसे. तर खेळातही एकानं राज्य सोडायचं, सगळ्यांनी आपापला डाव त्याच्या कानात सांगायचा, त्यानं तो पोटात ठेवायचा आणि बाजाराच्या दिवशी उघडायचा. कोणी सोडायचं राज्य? तिघंही माझ्याकडं पाहू लागले. प्रकाश म्हणाला, “गजाच पाहिजे. गजा सरळ आहे.”

माझं देवगड दोघांनी वाटून घेतलं. यशवंतचं नागपूर आणि प्रकाशचा चांदा यांचा तह झाला. ज्या धोतरावर मी रात्रंदिवस बोटं निळी करून घेतली, त्यावर माझा एक चिंचोकाही उरला नाही. आणि म्हणे, तुझ्यावर भरोसा आहे म्हणून! भरोशाचं असं बक्षीस मिळालंय कधी तुम्हाला?

बरं. आता येतो मुद्द्यावर. येतो म्हणजे – हा पहिला मुद्दा. याच्या पुढं आणखी आहे.

निकाल लागला, कॉलेजचे प्रवेश सुरू झाले. त्याच आठवड्यात यशवंत माझ्या कानात डाव सांगून गेला. सगळी फौज घेऊन तो रतनपुरावर जाणार होता. नवेगावचा तलाव, त्याचा सगळ्यात मोठा तलाव, मागं मोकळा राहणार होता. हे फक्त प्रकाशला ठाऊक होतं, कारण दोघांनी मिळून ठरवलेलं. प्रकाशला आणि मला.

रतनपूर मधुकरचं. मी मधुकरच्या घरी गेलो. काही फार बोललो नाही – इतकंच म्हणालो, “नवेगावकडं पाह्यजो लेका.” तो माझ्याकडं बघत राहिला आणि मी चप्पल घालून निघालो. परतताना पाय इतके हलके पडत होते की काय सांगू. आनंद झाला होता मला. हो, आनंद.

बाजाराच्या दिवशी डाव उघडले. मधुकरनं नवेगाव घेतलं, यशवंतची सारी बांधणी कोलमडली. महिनाभर उभं केलेलं साम्राज्य एका दुपारी धोतरावरून उचललं गेलं. यशवंत पांढराफटक पडला. चिंचोके हातात घेऊन तो हळू आवाजात म्हणाला, “हे कोणं सांगतलं?”

मधुकर वर बघत बसला.

“मले, प्रकाशले अन् गजाले ठाऊक होतं,” यशवंत म्हणाला. “गजा तं पाणकर आहे.”

बघा. माझ्यावर संशयसुद्धा घेतला नाही. ज्याचं राज्यच नाही तो कशाला फितूर होईल? नियमच तसा होता. प्रकाश म्हणाला, “मी नाई सांगतलं. बाप्पा, मी काहून सांगीन?” यशवंत माझ्याकडं वळला. “गजा, तू सांग. प्रकाश मधुकरकडं गेल्ता का?”

मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, “पाणकरानं बोलू नये, असं ठरलंय.” आणि मान खाली घातली.

खोटं बोललो का मी? एक अक्षर खोटं नाही! पण मान मी ठरवून खाली घातली होती. ती कशी दिसेल हे मला पक्कं माहीत होतं. प्रकाश माझ्याजवळ आला, माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, “गजा, तू तं सांग ना रे. तुले तं माहीत आहे.” मी धोतराच्या काठाकडं बघत पुन्हा तेच म्हणालो – पाणकरानं बोलू नये.

आणि मग यशवंत बोलला. “माय म्हणत होती तेच खरं निघालं. या लोकायले कितीबी जवळ करा…”

पुढचं त्यानं गिळलं. पण जे निघायचं ते निघालं होतं. घरात माय होती, तिनंही ऐकलं असणार. प्रकाश रडला नाही, भांडला नाही. त्याचा चेहरा मला अजून दिसतो – खेळात हरलेल्याचा नव्हता तो. ज्यानं आपल्या कपातून चहा प्याला, त्याच्याच तोंडून हे आलं, हे त्याला कळत होतं आणि पटत नव्हतं. तो सपरीतून खाली उतरला, चपला हातातच घेतल्या आणि अनवाणी गेला.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी चिंचोके गोळा करत बसलो.

खोली अर्थातच गेली. आणि खोली पक्की म्हणून प्रकाशनं वसतिगृहाचा अर्जच केला नव्हता, तारीख उलटून गेलेली. नागपुरात दारोदार फिरला म्हणे. आडनाव विचारायचे आणि खोली भरली म्हणायचे. पुढच्या वर्षी जाईन म्हणाला. पुढच्या वर्षी बाप अंथरुणाला लागला. वर्गात पहिला येणारा पोरगा तेंदूपानाच्या फडावर मुनशी झाला, पानांचे पुडे मोजायला.

आणि मावशीच्या खोलीत कोण गेलं? मी गेलो. ट्रंक घेऊन, डोक्याला तेल लावून. यशवंतनंच बोलावलं. “तूच खरा निघाला,” म्हणाला.

थांबा. सगळ्यात वाईट अजून सांगितलेलंच नाही.

पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यात एकदा यशवंत भाजी चिरता चिरता थांबला. म्हणाला, “गजा, मी लय वाईट बोललो त्याले. खेळच होता ना बे. मले झोप नाई लागत. त्याले बोलावू का? तिघं राहू, होईल कसंतरी.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासमोर दार सताड उघडं होतं. प्रकाशचं वर्ष गेलं होतं, पण बाकी काहीच गेलं नव्हतं, बाप धडधाकट होता.

मी म्हणालो, “कायले? एकदा फितला तो पुन्हा फितन. म्या डोळ्यानं पाह्यलं होतं त्याले मधुकरच्या घरातून निघताना.”

हे मात्र खोटं. सरळ, धडधडीत, विचारपूर्वक. यशवंतनं मान हलवली आणि भाजी चिरू लागला. नंतर त्यानं प्रकाशचं नाव कधी काढलं नाही. मला भीती कशाची होती? पकडला जाईन याची? थोडी. पण खरं सांगू, मला ती खोली वाटून घ्यायची नव्हती. यशवंतही वाटून घ्यायचा नव्हता. दगा माझ्याशी झाला होता ना – मग त्याची भरपाई मी शेवटच्या पैपर्यंत वसूल करत होतो. ती कोणाकडून, हे बघायचीही मला गरज वाटली नाही.

यशवंत पुढं नोकरीला रायपूरकडं गेला. मला इथं नागपुरात सरकारी नोकरी लागली, लग्न झालं, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. प्रकाशला मी टाळत राहिलो. सानगडीला गेलो की बाजाराची वाट सोडून मागच्या गल्लीनं जायचो.

तीनेक वर्षांपूर्वी तोच दारात उभा राहिला. केस पिकायला लागलेले, हात तेंदूपानांनी काळे पडलेले. सोबत त्याचा धाकटा भाऊ मिलिंद, इंजिनियरिंगला नंबर लागलेला. बायकोनं पाणी दिलं. प्रकाश खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, “हॉस्टेलचं होतवरी याले तुह्याकडं ठेवशील का गजा? दुसऱ्या कोणावर मले भरोसा नाई.”

मी बायकोकडं पाहिलं. त्याला वाटलं मी अडचणीत पडलो. तो घाईघाईनं पुढं म्हणाला, “त्या दिवशी मधुकरनं अंदाजानंच मारलं असन, अन् यशवंत एवढा बोलला. पण तू कोणाची बाजू घेतली नाई. मले वाचवाले खोटं नाई बोलला, अन् माह्यावर आळबी नाई घेतला. मी माह्या भावाले नेहमी सांगतो, माणूस असावं तं गजासारखं.”

मिलिंद उठला आणि माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतले नाहीत. म्हणालो, “राहू दे. त्याचंच घर आहे.”

पोरगा सहा महिने राहिला, मग हॉस्टेलला गेला, आता शेवटच्या वर्षाला आहे. तेव्हापासून दरसाल धान निघालं की प्रकाश सानगडीहून एसटीत घालून चिन्नोर तांदळाची गोणी पाठवतो. ड्रायव्हरला सांगून, जपून. बायको भात शिजायला ठेवते आणि शेजारणीला कौतुकानं सांगते की यांचे मित्र पाठवतात, लहानपणचे, फार जीव आहे त्यांचा यांच्यावर. मग ती पान वाढते, मला हाक मारते, आणि मी जेवायला बसतो.