बापूरावांची सात दिवसांची बंदी

आमच्या ऑनलाइन वऱ्हाडी मंचावर एखादी पोस्ट रिपोर्ट झाली, की बापूराव आधी चष्मा पुसत आणि मग ती उडवायचं सोडून फोन लावत. एक फोन तक्रार करणाऱ्याला, दुसरा लिहिणाऱ्याला. इंटरनेटवर असली पद्धत दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही. पण बडनेरा स्टेशनच्या तिकीट खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी झालेली. चिडलेल्या माणसाशी बोलायची दांडगी सवय. "पयले फोन, मंग बटन," हा त्यांचा कायदा.

मी अकोल्याच्या जठारपेठेत राहते, वकिली करते आणि त्या मंचावर त्यांच्यासोबत बिनपगारी मॉडरेटर होते. माझा सगळा भर नियमांवर. कुणी कुणाचा अपमान केला, की पोस्ट काढायची आणि सात दिवस लिहायला बंदी. बापूराव कुरकुरत, "वकीलबाई, तुमी तं कलमच वाचता जी. मानूस काहून भडकला, थे तं पाहा!" एकदा बेसनाच्या पाटोडीच्या रश्श्यात खोबरं घालावं की नाही, यावरून दोन गृहस्थांनी एकमेकांना रिपोर्ट केलं. बापूरावांनी दोघांना एकाच फोनवर घेतलं. तासाभरानं दोघांचं आजोळ एकच निघालं आणि खोबरं राहिलं बाजूला.

मग सलोनी आली. चिखलदऱ्याची मुलगी, मंचावर अगदी नवी. घरच्या झाडांची कॉफी स्वतः भाजून तिनं फोटो टाकला. बापूराव कट्टर चहावाले. त्यांनी खाली लिहिलं, "यापेक्षा आमच्या स्टेशनवरचं कपबश्या धुतलेलं पानी चवदार." लोक फिदीफिदी हसले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. पोस्ट लिहिणारे बापूराव, तक्रार करणारेही बापूराव! मी त्यांच्याच कायद्याप्रमाणे फोन लावला.

"बापूराव, बोट घसरलं वाटतं?"

"नाई जी. मीच केली तक्रार."

"मग स्वतःच खोडायची की पोस्ट."

"असं कसं? लोकायचा निवाडा आपन करतो, अन माही चूक मी गुपचूप पुसून टाकू?" त्यांचा आवाज पडला होता. "पोरीनं पयल्यांदा काही लिवलं होतं. आता थे लिवन का नाई, तेच वाटून राहिलं सकायपासून."

दुसरा फोन सलोनीला. ती म्हणाली, "ताई, मी तो मंच फोनातून काढूनच टाकला. घरचे म्हनतात, तुही कॉफी कोन पेते? तिथंबी तेच आयकलं." तक्रार कुणी केली ते मी तिला सांगितलं. "सोताचीच तक्रार?" तिनं पुन्हा विचारलं.

पोस्ट काढली आणि बापूरावांना मी पहिल्यांदाच नियम वाकवून तीन दिवसांची बंदी घातली. ते भडकले. "तीन? दुसऱ्याले सात अन मले तीन? मी काय तुमचा जावई हाय?" सात केली.

तिसऱ्या दिवशी स्वारी पॅसेंजरनं अकोल्याला येऊन माझ्या दारात उभी. "लिवाले बंदी हाय, बोलाले नाई." दोन कप चहा झाला. दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न, "थे पोरगी आली का जी परत?" आली नव्हती. मला त्या दिवशी त्यांचा फार लोभ वाटला.

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्या फोटोखाली लिहिलं, "मी न पेताच बोललो. चूक माही. बापूराव." मी ते सलोनीला कळवलं. दिवसभर उत्तर नाही. मला मात्र बापूरावांचे चार फोन.

संध्याकाळी सलोनीनं मंच पुन्हा फोनात घेतला आणि खाली उत्तर लिहिलं, "काका, चिखलदऱ्याले या. कॉफी पाजीन. नाई आवडली तं खुशाल रिपोर्ट करा."

पाचवा फोन आला. ते उत्तर त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मग म्हणाले, "वकीलबाई, तुमीबी चाला ना जी. मले एकट्याले भेव लागून राहिलं."